दातांत धरलेला सूर

विश्राम येणार म्हणून हरिभाऊंनी सोमवारी सकाळी दाढी करताना दोनदा गाल कापून घेतला आणि दोन्ही वेळा दोष ब्लेडला दिला. नवऱ्याशी कुठे बोलायचं आणि कुठे नुसती तुरटी पुढे करायची, हे सत्तावीस वर्षांच्या संसारात अहिल्येला पक्कं कळलं होतं. तिने तुरटी पुढे केली.

सख्खा धाकटा भाऊ अठरा वर्षांनी घरी राहायला येत होता. मधे भेट झाली नव्हती असं नाही. अप्पा गेले तेव्हा तो रत्नागिरीला आला होता, पण चौदाव्या दिवशी, खांद्यावर रुळणारे केस घेऊन. तार त्याला शिलाँगच्या कुठल्याशा हॉटेलात उशिरा मिळाली हे खरं होतं आणि हरिभाऊंना ते माहीतही होतं. पण दहाव्याला कावळा शिवायला दुपारचे दोन वाजले ते धाकट्यासाठीच, असं सगळी आळी म्हणाली होती. आळी जे म्हणेल ते हरिभाऊ विसरत नसत. तेव्हापासून विश्रामची पत्रं यायची ती वहिनीच्या नावाने.

हे शेवटचं पत्र मात्र दादाच्या नावाने आलं होतं. ‘दादा, आता पुरे झालं. तिकडे कुठे नोकरी असली तर बघ. शनिवारी तिथल्या युनिव्हर्सिटीत कार्यक्रम आहे, तो शेवटचा.’ हरिभाऊंनी ते तीनदा वाचलं. ज्यांनी नवी बदली मागायलाही कधी साहेबाच्या दारात पाय ठेवला नाही, ते त्याच संध्याकाळी आपणहून गजाननराव केतकरांकडे गेले. गजाननराव पिंजौरच्या कारखान्यात नोकरभरतीचं बघत आणि चंदीगडच्या महाराष्ट्र मंडळाचे चिटणीसही होते. स्टोअर्समध्ये एक जागा होती. शुक्रवारी डॉक्टरी तपासणी, सोमवारी हजर व्हायचं. हरिभाऊंचा चेहरा त्या दिवसापासून जरा सैल झाला होता.

अहिल्येचा झाला नव्हता. विश्राम इंजिनिअरिंग सोडून इलेक्ट्रिक गिटार घेऊन बँडमध्ये निघाला, तेव्हा हरिभाऊंनी त्याला घराची पायरी बंद केली होती. तो मागच्या दाराशी वहिनीला विचारायला आला होता, काय करू म्हणून. ती म्हणाली होती, “जा.” एवढंच. बारा वर्षांचा होता तेव्हापासून तिने त्याला न्हाऊमाखू घातलं होतं, त्याला दुसरं कुणाचं पटलंही नसतं. ते ‘जा’ तिने आजवर नवऱ्याला सांगितलं नव्हतं. आणि आता एकोणचाळिसाव्या वर्षी तो हात हलवत परत येत होता, म्हणजे पोराच्या जन्माचं मातेरं आपणच केलं की काय, हे तिला एकदा कळायला हवं होतं.

तो आला. केस विरळ झाले होते, कानांवर पांढरे. हातात लांबडी काळी पेटी. हरिभाऊ म्हणाले, “प्रवास बरा झाला?” तो म्हणाला, “हो दादा.” अठरा वर्षांचं बोलणं तिथे संपलं आणि सगळे पोहे खायला बसले.

बोलली ती मंजिरी. हरिभाऊंची ही एकुलती एक मुलगी चंदीगडातच लहानाची मोठी झालेली. मराठी सगळं समजायचं, पण तोंड उघडलं की हिंदी यायची. स्वयंपाकघरात येऊन ती आईच्या कानाशी लागली. “आई, तुला पता आहे का हे कोण आहेत? हमारे सीनियर्स के पास इनका रिकॉर्ड है. घिस गया है, फिर भी सुनते हैं. और ये हमारे घर में पोहे खा रहे हैं.”

मंगळवारी त्या सीनियर्सपैकी सहा-सात जण सेक्टर तीसच्या त्या सरकारी क्वार्टरच्या पायऱ्यांवर येऊन बसले. आत बोलावलं तरी येईनात. विश्राम बाहेर आला तेव्हा सगळे उभे राहिले आणि एका उंचनिंच सरदार मुलाने वाकून त्याच्या पायांना हात लावला. ऑफिसातून जेवायला आलेले हरिभाऊ सायकल धरून फाटकातच थांबले. त्यांच्या पाया आजवर फक्त भाचे पडले होते, तेही मुंजीत.

“कुठली मुलं ही?” त्यांनी आत येऊन विचारलं.

“इंजिनिअरिंगची,” अहिल्या म्हणाली.

“इंजिनिअरिंगची,” हरिभाऊ म्हणाले, आणि आमटीत मीठ नसलेलं त्यांच्या लक्षात आलं नाही.

अहिल्येच्या डोक्यात मात्र मीठही नव्हतं आणि मुलंही नव्हती. दुपारी विश्राम स्वयंपाकघराच्या दाराशी, आतल्या बाजूला पाठ करून पेपर वाचत बसला होता. त्याच्यामागे हातभर अंतरावर कुकरच्या चार शिट्ट्या झाल्या. मंजिरीने कान झाकले. विश्रामने पान उलटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती धुण्याची बादली घेऊन मागच्या अंगणात आली. फेब्रुवारीचं ऊन नुकतं भिंतीवरून उतरत होतं. विश्राम बाजेवर बसला होता. गिटार मांडीवर होती, तिची वायर कशालाच जोडलेली नव्हती. गिटारीच्या लाकडाचं पुढे आलेलं टोक त्याने दातांत घट्ट धरलं होतं. डोळे मिटलेले. एका हाताने तो तार छेडत होता, दुसऱ्याने खुंटी पिळत होता.

अहिल्या मिरजेची. तंबोरे करणाऱ्यांच्या गल्लीत तिचं बालपण गेलं होतं. म्हातारे कारागीर जुळणीला बसले की अर्धा अर्धा तास खुंटीशी भांडायचे, आणि ती परकराच्या ओच्यात चिंचा घेऊन ऐकत उभी राहायची. उतरलेली तार तिला अजूनही भिंतीपलीकडून खुपायची. ती बादली घेऊन तशीच उभी राहिली. विश्रामची तार हळूहळू चढली आणि नेमकी जिथे थांबायला हवी तिथे थांबली. मग दुसरी. मग तिसरी. सहाही तारांत एकीवरही बोट ठेवता येऊ नये अशी जुळणी, आणि माणूस तिकडे डोळे मिटून लाकूड चावतोय.

“विश्राम,” ती म्हणाली. त्याला पत्ता नाही. ती पुढ्यात जाऊन उभी राहिली तेव्हा सावलीने त्याने डोळे उघडले आणि चोरून पेढा खाताना सापडल्यासारखी गिटार खाली घेतली.

“कधीपासून ऐकू येत नाही?”

तो आधी हसला, मग हसणं सोडून दिलं. “पाच वर्षं झाली. आधी झांजा गेल्या, मग पाखरं, मग टेलिफोन. समोर तोंड दिसलं तर माणसाचं बोलणं कळतं. गर्दीत तेही नाही. अठरा वर्षं स्पीकरला पाठ लावून उभा राहिलो वहिनी, त्याने त्याचं घेतलं.”

“मग ही जुळवलीस कशी? चोख आहे. मी मिरजेची आहे, मला बनवू नकोस.”

“चोख आहे ना? तू म्हणतेस म्हणजे असेल.” त्याने गिटारीवरून हात फिरवला. “दोन तारा जुळत नाहीत तोवर दातांत थरथर येते. जवळ आल्या की ती मंदावते. जुळल्या की थांबते. थांबली की तोंड बाजूला घ्यायचं. यात काय आहे?”

गल्लीतल्या कुणाही म्हाताऱ्याला हे सांगितलं असतं तर त्याने बोटं कानांना लावून नमस्कार केला असता, असं अहिल्येला वाटलं. आणि हा विचारत होता, यात काय आहे.

“मग सोडतोस कशाला?”

“कधीतरी लोकांसमोर सूर जाईल आणि मला कळणारही नाही. त्याआधी आपणहून उतरलेलं बरं.” मग तो खालच्या आवाजात म्हणाला, “दादाला सांगू नकोस. त्याला वाटतंय मला अक्कल आली. नुसते कान गेले हे कळलं तर त्याचा हिरमोड होईल.”

तिने सांगितलं नाही. गुरुवारी हरिभाऊंनी भावाला सेक्टर सतरामध्ये नेऊन काळे चामडी बूट घेऊन दिले, कारखान्यात घालायला. दुकानदाराने तीनदा मापाचा आकडा विचारला आणि तिन्ही वेळा विश्रामने “छान आहेत” म्हणून सांगितलं. हरिभाऊंना वाटलं, संकोचतोय.

शुक्रवारी मात्र झाकलेलं उघडं पडलं. संध्याकाळी पाचला गजाननरावांची स्कूटर फाटकाशी थांबली. मागे विश्राम बसलेला. गजाननराव आत आले, पाणी प्यायले, पेला खाली ठेवला, परत उचलला.

“डॉक्टर मागे उभे राहून हळू आवाजात आकडे बोलतात, आपण ते परत म्हणायचे असतात. यांनी एकही म्हटला नाही. कानांत अनफिट आहेत, हरिभाऊ.”

हरिभाऊंनी आधी गजाननरावांकडे पाहिलं, मग भावाकडे. “ऐकू येत नाही? गिटार वाजवणाऱ्याला?”

विश्राम त्यांच्या ओठांकडे बघत होता. “नाही येत, दादा.”

“तुला माहीत होतं?” हा प्रश्न अहिल्येला होता. तिने हो म्हणून मान हलवली.

हरिभाऊ यंत्रांची कंपनं मोजून ती तपासणाऱ्या संस्थेत होते. काटा चुकीचा दाखवणारं यंत्र त्यांच्या टेबलावरून पुढे जात नसे. ते उभे राहिले. आवाज चढवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं, राग आला की ते आणखी हळू बोलत. “म्हणजे कोण जाणे किती वर्षं हा लोकांसमोर काय वाजवतो ते याचं यालाच ठाऊक नाही. आणि उद्या हजार-दोन हजार मुलांपुढे उभा राहणार. पायांना हात लावतात ती मुलं. उद्या हसतील. कार्यक्रम रद्द करा. तार करा याच्या त्या माणसांना.”

“बाबा, आपने उनको सुना है?” मंजिरी दारातून म्हणाली. “एक बार भी?”

“मराठीत बोल.”

“काकाला एकदा तरी ऐकलंय का तुम्ही?” मंजिरी मराठीत म्हणाली.

गजाननराव माणूस भला होता, त्याला घरातलं भांडण सोसत नसे. “हे बघा, कागद अजून वर गेलेला नाही. डॉक्टर ओळखीतले आहेत. सोमवारी सकाळपर्यंत सांगा, कानांसाठी सवलत लिहून कागद दुरुस्त करून घेऊ. फक्त हे वाजवणं कायमचं बंद. बहिरा म्हणून ढिलाई दिली आणि हा स्टेजवर गिटार वाजवतोय असं कुणी वर कळवलं, तर माझी नोकरी जाईल.” मग ते अहिल्येकडे वळले. “उद्याचं काय ते आमच्या हिलाही कळवा. मंडळाची पंधरावीस मंडळी येताहेत. हिने शाल आणि नारळ आणून ठेवलाय.”

दहा वर्षांपूर्वी हळदीकुंकवाला कुणीतरी अहिल्येला विचारलं होतं, तुमचे धाकटे दीर काय करतात. ती म्हणाली होती, गिटारवर भावगीतं वाजवतात. त्या काळी घरोघरी मुली मांडीवर आडवी गिटार घेऊन, तिच्यावर लोखंडी कांब फिरवत भावगीतं वाजवायच्या, त्यामुळे कुणी पुढे विचारलं नाही. तीही बोलली नाही. दहा वर्षं मंडळ त्या भावगीतांची वाट पाहत होतं.

गजाननराव गेले. हरिभाऊ म्हणाले, “सोमवारी दुरुस्त कागद घेऊ आणि हा विषय मिटवू.”

“त्याला जा म्हणून सांगितलं ते मी,” अहिल्या म्हणाली. “अठरा वर्षांपूर्वी. मागच्या दाराशी. तुम्ही नको म्हणालात आणि मी जा म्हणाले.”

या बाईने आपल्यापासून काही लपवलं असेल, हे हरिभाऊंच्या हिशेबातच नव्हतं.

“मग उद्या तूच बघ त्याचं काय झालं ते,” ते म्हणाले. “मीही येतो. मलाही बघू दे.”

शनिवारी चार वाजता स्टुडंट सेंटरसमोरच्या हिरवळीवर पाय ठेवायला जागा नव्हती. मुलं झाडांवर चढली होती. लाकडी मंचावर गोदरेजच्या कपाटाएवढे स्पीकर उभे होते. आणि अगदी पुढे, आपली सतरंजी अंथरून, महाराष्ट्र मंडळ बसलं होतं. बायका रेशमी साड्यांत, पुरुष कोटात. सुमनताई केतकरांच्या मांडीवर शाल आणि नारळ असलेलं ताट.

“तबला कुठे दिसत नाही,” सुमनताई म्हणाल्या.

“येईल,” अहिल्या म्हणाली. दहा वर्षांत एक खोटं आणखी वाढलं तर काय.

विश्राम मंचावर आला. दादाने घेऊन दिलेले बूट त्याने उतरवले, नीट जोडीने कडेला ठेवले आणि अनवाणी फळ्यांवर उभा राहिला. मागे त्याचा डिसा नावाचा ड्रमर, दोघं एकाच वर्षी या धंद्यात पडलेले. डिसाने पायाने मोठा ढोल दोनदा वाजवला, विश्रामने ती थाप तळव्यांनी घेतली आणि मान हलवली.

पहिला फटका बसला तेव्हा मंडळाच्या एका सभासदाची टोपी पडली. सुमनताईंनी दोन्ही हातांनी ताट धरलं. अहिल्येने डोळे मिटून घेतले. हरिभाऊ ताठ बसून होते.

मग हळूहळू अहिल्येने डोळे उघडले. तिला या वाजवण्यातलं काही कळत नव्हतं, पण स्वर कळत होते. एकेक स्वर तो तळातून ओढून काढत होता, ताणत होता, अगदी तुटेल असं वाटेपर्यंत वर नेत होता आणि नेमक्या जागी सोडत होता. इतका आवाज, आणि त्याच्या मधोमध सुईच्या टोकाएवढी ती जागा. ती एकदाही चुकली नाही. झाडांवरची मुलं आवाज करायची थांबली होती. हा घरात आमटी-भात खाऊन पेपर वाचत बसणारा माणूस नव्हताच. याला आपण न्हाऊ घातलं होतं, हे तिला खरंच वाटेना.

तिसऱ्या गाण्याच्या मध्यावर ते झालं. तार उतरली. थोडीशीच, केसभर. हिरवळीवर कुणाच्याही लक्षात आलं नाही, पण अहिल्येच्या कानाला ती टोचली. तो पुढे वाजवत होता. त्याला कळलं नव्हतं. तिने हरिभाऊंचं मनगट धरलं. “उतरली,” ती म्हणाली. “त्याला ऐकू येत नाही. उतरली.”

मागे डिसाने ठेका न सोडता मोठ्या ढोलावर तीन जड थापा दिल्या. विश्रामच्या अनवाणी पावलांनी त्या घेतल्या. त्याने मान खाली घातली, गिटार वर उचलली, आणि दोन हजार माणसांसमोर तिचं टोक दातांत धरलं.

मैदानात एकच गलका उठला. मुलांना वाटलं, ही त्याची अदा आहे. ती शिट्ट्या मारत उभी राहिली. विश्राम डोळे मिटून वाकला होता. उजव्या हाताने दोन तारा एकत्र छेडत होता, डाव्याने खुंटी पिळत होता, खाली डिसाचा ठेका चालू होता. स्वर वर सरकत होता. डगमगत, मग कमी डगमगत.

“थरथर मोजतोय,” हरिभाऊ म्हणाले. त्यांना कुणी काही सांगितलेलं नव्हतं. आयुष्य कंपनं मोजण्यात गेलेल्या माणसाला ते समोर दिसत होतं. “अगं, हाडातून मोजतोय तो. आमच्याकडे याला टेबलभर यंत्र लागतं. ते जुळवायलाच सकाळ जाते.” ते गुडघ्यांवर उठले. “इतक्या गोंधळात. बघ. बघ तू.”

तार जागेवर आली. विश्रामने दातांतलं टोक सोडलं आणि जिथे गाणं थांबलं होतं तिथूनच, डिसाच्या थापेवर नेमकं पाऊल टाकून, ते उचललं. अहिल्येला रडू फुटलं आणि तिने ते पुसलंही नाही. अठरा वर्षं उरावर होतं ते उतरलं. आपण ‘जा’ म्हणालो ते चुकलं नव्हतं. याला घरात अडवून ठेवलं असतं तर ते पाप झालं असतं. शेजारी हरिभाऊंच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि चष्मा काढायचं त्यांना सुचत नव्हतं.

कार्यक्रम संपला तेव्हा अजून उजेड होता. मुलांच्या लाटेतून वाट काढत विश्राम खाली आला, घामाने निथळणारा, अनवाणी. सुमनताई ताट घेऊन पुढे झाल्या. “भावगीतं नव्हती ही,” त्या अहिल्येला म्हणाल्या. “नव्हती,” अहिल्या म्हणाली. सुमनताईंनी तरीही शाल उलगडून त्याच्या ओल्या खांद्यांवर घातली आणि नारळ हातात देताना वाकून नमस्कार केला. गजाननराव बाजूला उभे होते. “हरिभाऊ, सोमवारचं मग पक्कं समजू ना?” त्यांनी विचारलं.

हरिभाऊ भावापुढे जाऊन उभे राहिले. बरं बोलायचं तर ते कायम जमिनीकडे बघून बोलत, तसंच खाली बघून, ओठातल्या ओठात त्यांनी काहीतरी म्हटलं. भोवती मुलं नाव घेऊन ओरडत होती.

विश्रामने वहिनीकडे पाहिलं. “दादा काय म्हणाला? नोकरीचं का?” त्याच्या चेहऱ्यावर तोच सोमवारचा शहाण्या मुलाचा समजूतदारपणा आला. “हो म्हणून सांग त्याला. जमेल मला.”

अहिल्येने ऐकलं होतं. ती सांगू शकली असती. पण ती नवऱ्याकडे बघत राहिली.

हरिभाऊंनी मान वर केली. भावाचे दोन्ही खांदे शालीसकट धरले, तोंडासमोर तोंड नेलं, आणि ज्या माणसाचा आवाज शेजारच्या क्वार्टरलाही कधी ऐकू गेला नव्हता, तो त्या मैदानात गळ्याच्या शिरा ताणून ओरडला, “वाजवणं सोडू नकोस, म्हणतोय मी.”

आसपासची मुलं वळून बघू लागली. मंडळाच्या सतरंजीची घडी घालणाऱ्या बायका थांबल्या. गजाननरावांनी ऐकलं आणि मुकाट्याने स्कूटरची किल्ली खिशातून काढली.

विश्रामलाही ऐकू आलं.